जोडी सोडायची न्हाई

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं बोला, इथं… ए, गप बसा रे! बाजारात उभ्या हायेत का म्हशी, सगळ्यांनी मिळून हंबरायला?… तुम्हाला नाही हो, पोरांना म्हणाले. आपण कोण?

अगंबाई, आप्पा! नमस्कार, नमस्कार. नंबर वेगळा दिसला म्हणून ओळखलं नाही… विठाआज्जींच्या फोनवरनं का? तुमचा बंद पडला?… सकाळधरनं मलाच लावून लावून त्याची बॅटरी संपली. बरं, बरं. आज्जींच्या फोनवर तरी दया करा, आप्पा.

हो, मी अनिताच. अनिता मॅडमच बोलतेय. सहलीला आले म्हणून माणूस बदलत नाही.

सगळं व्यवस्थित आहे… हो, मघाशीही व्यवस्थितच होतं. न्हावऱ्याला व्यवस्थित होतं, केडगावला व्यवस्थित होतं, चौफुल्यालाही व्यवस्थितच… चौफुल्याला फक्त एकाला ओकारी झाली… नाही, तुमच्या सार्थकला नाही. गोकुळ सरांना.

आता बरे आहेत. लिंबू दिलं. पोरांसाठी घेतलेली सगळी लिंबं त्यांनाच लागली.

कुठं म्हणजे, आत्ता पाटसला थांबलोय. हायवेला नाही हो, चांगलं आत. देवळाचं आवार आहे. आवाराला भिंत आहे, भिंतीला फाटक आहे, फाटकाला कडी आहे, आणि कडीपाशी गोकुळ सरांना बसवलंय. आणखी काय पाहिजे?

काय करतायत?… ऊस खातायत… कुठनं आणला म्हणजे? दिला असेल कुणीतरी. पाटस आहे आप्पा, कारखान्याचं गळीत चालू आहे. इथं ऊस काय मागावा लागतो का? उभा राहिला माणूस की मिळतो.

जेवणं झाली. सगळ्यांची. पुढं भिगवण, पक्षी बघायचे आणि परत… रोहित पक्षी. लांब पायांचे, गुलाबी… बघून काय करायचंय म्हणजे? बघायचेच असतात ते… नाही, खात नाहीत.

आहेत, तुमचे सगळे नियम पाठ आहेत. म्हणून दाखवू? पोरांच्या हातावर पेनानं फोन नंबर लिहायचा. लिहिला. खिडकीतनं हात बाहेर काढायचा नाही. ज्यानं काढला, त्याला गोकुळ सरांच्या शेजारी बसवलं. पुन्हा कुणी काढला नाही. आणि पहिला नियम, शाळेचं पोर शाळेच्याच माणसाच्या ताब्यात. सख्खा बाप जरी आला, तरी सही केल्याबिगर द्यायचं नाही… हो, तुमचाच नियम, आप्पा. मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगितला होता. चहा सांडला होता माझ्या साडीवर. विसरेन कशी?

नाही, नाही, तसं काही होणार नाही. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. चार वर्षं झाली त्याला. ते पोरगं हॉटेलवर राहिलं, ही मोठी चूक झाली, मान्य आहे. पण ते एसटीत बसलं आणि बसच्या आधी गावात पोचलं की!… हो, आणि पारावर बसून बस यायची वाट बघत होतं. आठवतंय. सगळ्या गावाला आठवतंय. म्हणून तर सहली बंद केल्या होत्या ना तुम्ही. त्यानंतरची ही पहिलीच.

आप्पा, अगदी मनापासून सांगते, ऐका. ही सहल सुखरूप घरी आली, की जानेवारीत मुलींचं शिबिर. दोन रात्रींचं. तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून शब्द दिलाय… हो, 'बघू' म्हणालात. पण मान हलवून 'बघू' म्हणालात. सहली बंद होत्या, तरी पोरांचा स्काउटचा कॅम्प दरसाल गेलाच की. पोरींनी काय नुसतं फाटकावर उभं राहून टाटा करायचा? ती करिश्मा मला रोज विचारते, मॅडम, तंबू आतनं कसा असतो? सातवीतली पोरगी, आप्पा. घोडनदी सोडून नदी बघितली नाही तिनं.

बरं. आधी ही सहल. कबूल. ही पोरं मोजून घरी आणते आणि मग बोलते.

मोजते कशी?… अहो, मोजत नाहीच मी. मोजणी जुनी झाली. मोजताना एक पोर इकडनं तिकडं पळतं आणि दोनदा मोजलं जातं. मी काढलीय जोडीची पद्धत. प्रत्येकाला एक जोडीदार. बैलजोडी म्हणा हवं तर. मी शिट्टी वाजवली, की जोडीदाराचा हात धरायचा आणि वर करायचा. ज्याचा हात रिकामा राहिला, त्यानं बोंब मारायची. बोंब नाही, म्हणजे कुणी हरवलं नाही. आहे का नाही डोकं?

ऐकायचंय? आत्ता? थांबा, ऐकवते.

फुर्रर्रर्र!

ऐकलंत?… आप्पा?… हॅलो?… कानाला लागली? अगंबाई, फोन खाली धरायला पाहिजे होता. चुकलं, चुकलं… दुसऱ्या कानाला लावा मग. येतंय ऐकू?… त्या कानाला आधीपासनंच येत नाही? बरं, मी मोठ्यानं बोलते.

सगळे हात वर आहेत, आप्पा! एकाची बोंब नाही! प्रत्येकाचा जोडीदार जागच्या जागी! चाळीसच्या चाळीस पोरं माझ्या डोळ्यांसमोर!

मग? आता तरी मानता का नाही?

सार्थकला?… देते की. त्यात काय. आज्याशी बोलायला कोण नाही म्हणेल. ए सार्थक! इकडं ये बाळ, आप्पांचा फोन आहे!

सार्थक!

येतोय हां आप्पा. लांब बसलाय जरा… पृथ्वीराज! सार्थकला पाठव रे. पृथ्वीराज तुझा जोडीदार ना… पृथ्वीराज?

येतोय, येतोय.

आप्पा, एक मिनिट हां, वारं सुटलंय, फोनला पदर लावते…

करिश्मा, सार्थक कुठाय गं?… आणि पृथ्वीराज?… बसमध्ये नाहीत?… नळावर?… अगं, पण आत्ता सगळे हात वर होते ना! कुणीच बोंब मारली नाही!… काय?… कुणाचाच हात रिकामा नव्हता… कारण ते दोघंही… अगं आई आई आई.

जोडीच्या जोडी गेली. आख्खी जोडी! बोंब मारायला मागं ठेवलंच न्हाई कुणी! माझ्या डोक्यात काय भुसा भरला होता गं?

व्हय आप्पा, हाय, हाय मी. वारं लई हाय इथं.

सार्थक?… हात धुतोय… साबणानं. नीट धुतोय. मीच सांगितलंय, बोटांच्या मधनं पण धुवायचं म्हणून… व्हय, जेवण होऊन वेळ झाला. पण लई चिकट… लिंबू होतं.

गोकुळ सर! ओ गोकुळ सर! सार्थक-पृथ्वीराज बघितले का?… तोंडातला ऊस टाका आन् बोला!… न्हाई, चोथा मला दाखवू नका, नुसतं बोला!… न्हाई बघितले? तुम्ही कडीला बसला होता ना? कडी बघत होता का कांडी?… जावा, मागच्या बाजूला बघा. विहीर हाय का बघा. आधी विहिरीवर जावा! पळा! ऊस ठेवा तिथं!

काय, आप्पा?… न्हाई, कुणी पळत न्हाई. खेळ चाललाय. पोरांना बसून कंटाळा येतो ना.

व्हय, जेवला की सार्थक. पोटभर जेवला… काय खाल्लं? पुलाव. आपणच सकाळी करून आणला होता शाळेतनं. मटाराचा. दोनदा घेतला त्यानं.

मासवडी?… न्हाई हो, मासवडी कुठनं येणार सहलीत?… न्हाई खाल्ली… आप्पा, तुम्ही चिडताय कशापायी?… 'दिलीच न्हाई का?' अहो, कुणी द्यायची? चाळीस पोरांना मासवड्या थापायला आमच्याकडं काय… रस्सा पण न्हाई. नुसता पुलाव… 'पुलावावर बोळवण केली' म्हंजी? चांगला होता पुलाव! मी स्वतः ढवळला!

बरं, आप्पा, मी नंतर लावते फोन… ठेवू नको? न्हाई ठेवत.

करिश्मा, ड्रायव्हरकाकांना म्हणावं, बसखाली बघा, बसच्या टपावर बघा, डिकीत बघा. आन् तू बाकीच्यांना एका ओळीत बसव. काय म्हणालीस?… जोडीवर शेजारच्या जोडीनं डोळा ठेवायचा, आन् टोपीला हात लावून डोकी मोजायची? तसंच कर, कुणीबी जागचं हललं तर आरडायचं म्हणावं… बरोबर हाय तुझं, हे आधीच करायला पाहिजे होतं. आता शिकव मला, जा.

न्हाई, आप्पा, करिश्माशी बोलत होते… बाथरूमला गेलाय. सार्थक… व्हय, हात धुऊन मग बाथरूमला… उलटंच झालं, खरंय. परत धुवायला लावते.

विहीर न्हाई?… न्हाई ना? नक्की ना, गोकुळ सर?… हां. बरं. रस्त्याकडं बघा आता. ते ट्रॅक्टर चाललेत कारखान्याला, दोन-दोन ट्रॉल्या जोडून… आप्पा, थांबा हां… ट्रॉलीमागं पळाली असतील का कार्टी, ऊस उपसायला? पळत्या ट्रॉलीतनं?… देवा, त्यांच्या वयाची असताना मी पण उपसलाय. मला म्हाईत हाय ना, कसं पळतात ते. एका हातानं ऊस धरायचा आन् दुसऱ्या…

आप्पा.

आप्पा, ऐका माझं. मधी बोलू नका. एकदा बोलू द्या मला, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

मी खोटं बोलले. सार्थक हात धूत न्हाई. बाथरूमला पण न्हाई. पुलाव खाल्ला का न्हाई, ते पण मला म्हाईत न्हाई. तो हितं न्हाई, आप्पा. पृथ्वीराज पण न्हाई. दोघं कवा गेली, मला ठाव न्हाई. मी पोरींना घेऊन बाथरूमला गेले होते, तेवढ्यात झालं काय ते. माझी जोडीची पद्धत पाण्यात गेली. लई भ्या वाटतंय मला.

शिबिर बिबिर राहू द्या. मला शाळेतनं काढा. पण आधी तुमची वळखीची माणसं असतील पाटसला, तर फोन लावा त्यांना. आत्ता. सोयरे हायेत ना तुमचे हितं कुणीतरी? मी हिकडनं पोलिसांना लावते. पोराचा शर्ट निळा, टोपी पिवळी, हातावर माझा नंबर…

आप्पा?

आप्पा, बोला की. छातीत कळ आली का?… आज्जी! आज्जींना बोलवा कुणीतरी!

हसताय?

तुम्ही हसताय, आप्पा?

काय म्हणालात?… हळू बोला, कळत न्हाई… सम्राट? कोण सम्राट?… सार्थकचा मामा. तुमच्या सुनेचा, प्रगतीताईचा भाऊ. बरं, मग त्याचं काय?… हितंच राहतो? पाटसला?… तुम्ही फोन केला त्याला… सकाळी… 'भाच्याची बस तुमच्या दारावरनं चाललीय, चार घास घाला पोराला'…

आप्पा!!

म्हंजी मासवडी खाल्ली का, मासवडी खाल्ली का, हे मगाधरनं चाललंय ते… आन् मी पुलाव म्हणाले, तर तुम्हाला वाटलं मामीनं मासवडी केलीच न्हाई?… सोयऱ्यांवर चिडला होता तुम्ही? भाच्याला पुलावावर बोळवलं म्हणून?

थांबा. बसते मी जरा.

रडत न्हाई… रडतेय. रडू द्या की. मगाधरनं दाबून धरलंय. दोन पोरांची दोनशे मरणं बघितली मी एवढ्या वेळात. विहीर, ट्रॉली, हायवे, सगळं बघून झालं. तिकडं ती मासवड्या हाणतायत!

गोकुळ सर, या, या इकडं. सापडलीत. सार्थकच्या मामाकडं हायेत… न्हाई, तुम्ही नका रडू… आन् हो, ऊस कुणी दिला होता तुम्हाला?… बुलेटवरनं आलेला पाव्हणा. मिशीवाला. 'घ्या मास्तर' म्हणाला आन् आख्खी मोळी ठेवून गेला. आन् बुलेटवर मागं कोण बसलं, ते न्हाई बघितलं?… उसाकडं बघत होता. बरं. बरं. बसा. खा आता.

ऐकलंत, आप्पा? तुमच्या सम्राटनं मला विचारायचं न्हाई का?… विचारलं? कुणाला?… मास्तरला ऊस दिला, म्हंजी कळवलंच? अहो, मोळी देऊन कुणी कळवतं का? उद्या मी तुमच्या गोठ्यातनं म्हैस सोडली आन् विठाआज्जींना मेथीची जुडी दिली, तर चालंल का तुम्हाला?

काय म्हणता? 'मामाच्या गावावरनं भाचा उपाशी गेला, तर मामा तोंड कुठं दाखवील?' बरोबर हाय. रीत हाय. मला का कळत न्हाई? माझा मामा पण कोरेगावला रस्त्यात आडवा पडतो. लेकरू लेकराच्या ठिकाणी, मामा मामाच्या ठिकाणी. पण आप्पा, मघाशी मी कुठला नियम म्हणून दाखवला?

म्हणा की… न्हाई, तुम्ही म्हणा… 'शाळेचं पोर शाळेच्याच माणसाच्या ताब्यात'… पुढं… 'सख्खा बाप जरी आला'… आन् मामा? मामाला कुठं सूट लिहिलीय? मूठ कुणी आपटली होती? साडीवरचा डाग अजून गेला न्हाई, आप्पा!

हां. आता कसं 'असू दे, असू दे' म्हणताय.

न्हाई, तुमच्यावर ढकलत न्हाई मी सगळं. माझी चूक माझी. पद्धत काढली आन् त्याच्यात बस जाईल एवढं भोक ठेवलं. वर खोटं पण बोलले. त्याची काय शिक्षा द्यायची ती द्या, मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं द्या. इथनं पुढं शिट्टी झाली, की जोडी बघणार, जोडीला जोडी बघणार आन् मी टोपीला हात लावून एकेक डोकं मोजणार. हे करिश्मानं सांगितलं. सातवीतली पोरगी, आप्पा. मी तिला ओळीत बसव म्हणाले, तिनं उभ्या उभ्या माझी पद्धत दुरुस्त करून दिली. असलं पोरगं तुम्ही फाटकावर टाटा करायला ठेवणार?

थांबा. थांबा, बुलेट वाजतीय.

आली! आली, आप्पा! आली कार्टी! फाटक उघडा, सर!

तीन माणसं आन् एक पातेलं, एका गाडीवर. हेल्मेट कुणालाच न्हाई. ते पण लिहून ठेवते. सम्राटराव, उतरा खाली. उतरा. तुमच्याशी मी नंतर बोलते, आधी ह्या दोघांना बघू द्या… इकडं या. तोंड वर करा. लागलं का कुठं? दाखवा हात… हात सोडा की रे एकमेकांचा, बघू तर द्या… न्हाई सोडणार?… का?

काय म्हणतात ऐका, आप्पा. ह्या पृथ्वीराजचं ऐका. मामा म्हणे एकट्या सार्थकला न्यायला आला होता. तर हा म्हणाला, मॅडमनी सांगितलंय, जोडी सोडायची न्हाई. म्हणून हा पण बसला गाडीवर. आन् शिट्टी वाजेपर्यंत हात सोडायचा न्हाई, असं समजून दोघं हात धरून गेली, हात धरून जेवली आन् हात धरूनच आली… जेवली कशी? तुमचा सार्थक डावखुरा ना. तो डाव्या हातानं, हा उजव्या हातानं, आन् मधले दोन एकमेकांत. मामी म्हणाली, वाढताना हसून हसून माझा रस्सा सांडला.

आता ह्यांना काय बोलू मी? सांगा तुम्हीच. नियम मोडला म्हणून मारू का नियम पाळला म्हणून मारू?

व्हय, मिठी मारली. चुकून. दोघांना. गुदमरली जरा.

अगं… सम्राटराव, हे पातेलं कशाला?… चाळीस पोरांना?… मामीनं म्हणे अख्खी बसच घरी बोलवली होती, पण मामाला मला विचारायचं भ्या वाटलं. म्हंजी दोन पोरं उचलायला भ्या वाटलं न्हाई, विचारायला वाटलं!… न्हाई, आप्पा, परत कशी पाठवू? मासवडी हाय. गोकुळ सर पातेल्यापाशी जाऊन पण बसले. आता ओकारी झाली तर लिंबू न्हाई म्हणावं.

बरं, आप्पा, ते जाऊ द्या. शिबिराचं बोला.

'बघू' नको. मान हलवून पण नको. हो का न्हाई, ते सांगा.

रातच्याला पोरींवर ध्यान कोण ठेवणार?… मी हाय. शीतल मॅडम हायेत… दोघी कमी पडतील? मग आणखी एक मोठं माणूस बघा. बायकांतलं. जिला डुलकी लागत न्हाई, जिच्या धाकानं कुत्रं पण भुंकत न्हाई… कुठनं आणू म्हंजी? हुडकू की आपण. गावात काय…

हॅलो?… आप्पा, फोन कुणी ओढला?… हॅलो?

कोण, विठाआज्जी! नमस्कार, आज्जी. फोन तुमचाच हाय, तुम्ही ओढायला काय हरकत… स्पीकरवर होता? पहिल्यापासनं?… सगळं ऐकलंत?… शिट्टी पण?… आन् हात धुण्याचं पण. ते जरा विसरा, आज्जी.

कोण येणार?

तुम्ही?… शिबिराला? तंबूत?… दोन्ही रात्री?… अहो, थंडी असती, खाली झोपावं लागतं… माळावरच्या थंडीत कांदे राखलेत तुम्ही. खरंय. कांदे राखले, मग पोरी राखायला काय होतंय… तसं आप्पांना विचारलं पाहिजे हो… विचारून झालं? आत्ता? मी ऐकलं न्हाई… नुसतं बघितलं त्यांच्याकडं. बरं. मग झालंच.

करिश्मा! ए करिश्मा! शिबिर हाय! जानेवारीत! सांग सगळ्या पोरींना!… ऐकताय ना, आज्जी? हा कालवा तुमच्यापायी चाललाय. कान सांभाळा, शिट्ट्या पण वाजायला लागल्या आता.

काय म्हणताय, आज्जी?… हळू का बोलताय?… तुम्हाला पण तंबू आतनं बघायचाय. पन्नास वर्षं झाली लग्नाला, दळण आन् कांदे सोडले, तर दुसऱ्या कशाला फाटकाबाहेर पाऊल न्हाई… बघा की, आज्जी. बघायचाच. मधोमध झोपायचं तुम्ही.

जोडी?… व्हय, तुम्हाला पण लागणार. नियम म्हंजी नियम… न्हाई, आप्पा न्हाई चालायचे, पोरींचं शिबिर हाय… मी हाय की. मी तुमची जोडी. शिट्टी वाजली, की माझा हात धरायचा आन् वर करायचा. सोडायचा न्हाई बरं का, आज्जी. जेवताना पण न्हाई. मी डाव्या हातानं जेवायची सवय करते आजपासनं.

मागनं आप्पा काय ओरडतायत?… दोन दिवस त्यांच्या जेवणाचं कसं?

त्यांना म्हणावं, पाटसला जा. थांबूबी नका, कुणाला सांगूबी नका. सोयऱ्यांच्या दारावरनं नुसतं चालत जा.